रिकाम्या जागा भरा

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, एक द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी, पट तिशीच्या आत. तिथल्या मुख्याध्यापिका ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झाल्या. त्याच केंद्रातले एक गुरुजी २०१४ मध्ये निवृत्त झालेले. दोघं माझ्या ओळखीचे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पुढे काय करायचं हा प्रश्न बाईंनी गुरुजींपुढे मांडला, तेव्हा मी तिथे होतो. गाव त्यांना बाई आणि गुरुजी म्हणतं, मीही तेच ठेवतो. जिथे मला राहवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

बाई : गुरुजी, मला आनंद झालाय. घरी हे अजून कुणाला बोलले नाही.

गुरुजी : मग त्यात लपवण्यासारखं काय आहे?

बाई : निरोपाच्या दिवशी चौथीच्या मुली गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण त्याच वेळी मनात येत होतं, आता यू-डायसवर शाळेची माहिती भरायची नाही. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब नाही. मतदार यादी घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या नाहीत. ज्या कामावर माझा जीव आहे असं मी सगळ्यांना सांगत आले, ते सुटल्यावर हलकं वाटतंय. मग जीव नक्की कशावर होता?

गुरुजी : शिकवण्यावर होता. नोकरीवर नव्हता. दोन्ही एकाच पगारपत्रकात होतं म्हणून आपल्याला वेगळं दिसलं नाही.

बाई : हे मी स्वतःला सांगून पाहिलंय. जमत नाही. तसं असतं तर शिकवणं सुटल्याचं वाईट वाटलं असतं आणि नोकरी सुटल्याचं बरं. माझं तसं होत नाही. पहिलीच्या पोरांकडून पुन्हा 'क' गिरवून घ्यायचा नाही, याचंही बरं वाटतंय. आणि हजेरीपट हातात नाही म्हणून मात्र शाळा भरायच्या वेळेला जीव कासावीस होतो. हजेरीपट म्हणजे तर निव्वळ नोकरी!

गुरुजी : निव्वळ नोकरी कशी? रोज एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्यानं 'हजर' म्हणायचं. घरातसुद्धा माणसं एकमेकांची अशी रोज चौकशी करत नाहीत. मी निवृत्त झालो त्या पावसाळ्यात बायकोनं विचारलं, सकाळी सकाळी पुटपुटता काय? मी पोरांची नावं घेत होतो. हजेरीच्या क्रमानं.

बाई : म्हणजे तुम्हाला दुःख झालं होतं.

गुरुजी : दुःख होतं, सुटकाही होती. मला वाटायचं, यातलं एकच खरं असणार, दुसरं आपण उगाच मनाशी धरलंय. कुठलं खरं ते शोधत बसायचो. आता तसं वाटत नाही. आयुष्यभर केलेल्या कामाबद्दल मागे एकच भावना उरली, तर संशय त्या भावनेवर घ्यावा.

बाई : आणि तारीख तरी माझी कुठे आहे? आई सांगायची, भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतीस. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे मी जन्मले १९६८ मध्ये. शाळेत घालताना त्या वेळच्या गुरुजींनी वय पुरतं व्हावं म्हणून लिहिलं, १ जून १९६७.

गुरुजी : माझीही एक जूनच. आपल्या पिढीतलं कुठल्याही गावचं दाखलखारीज रजिस्टर उघडा, पानंच्या पानं एक जून. आईबापांना साल आठवायचं ते दुष्काळावरून, पुरावरून, भूकंपावरून. तारीख शाळेनं द्यायची. आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे आला की जिल्हा परिषदेत निरोपांची रांग लागते.

बाई : माझं एक वर्ष त्या शाईत गेलं. पाच-सहा वर्षांची पोर काय सांगणार! त्या दिवशी मी शाळेत जायला मिळतंय म्हणून नाचत होते, आणि त्याच दिवशी माझी शाळा सुटायची तारीख लिहिली गेली.

गुरुजी : त्या एका वर्षाची हळहळ सोडा. अठ्ठावन्न हा आकडा तरी कुणी शरीराला विचारून ठरवलाय? केंद्र सरकारात आधी ५५ होतं. १९६२ मध्ये ५८ केलं, १९९८ मध्ये ६०. आपल्या राज्यानं ५८ ठेवलं. त्यातही एकाच कार्यालयात शिपाई ६० ला निवृत्त होतो आणि त्याचा साहेब ५८ ला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ ला, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ ला. कुणाचं शरीर कधी थकतं याच्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

बाई : मग ही तारीख मानायची कशाला?

गुरुजी : ती बाहेरून येते म्हणून. आपल्याला आतून कधी कळलं असतं का, आता पुरे म्हणून? राजकारणात वयाची अट नाही, तिथे बघा काय होतं. नानाजी देशमुखांनी साठी ओलांडली आणि राजकारणातून बाहेर पडले, पुढे चित्रकूटला जाऊन गावांचं काम केलं. त्यांचं नाव आपण इतक्या वर्षांनंतर घेतो ते का? तसं करणारे फार झाले नाहीत म्हणून. चुकीची तारीखही जागा मोकळी करते. स्वतःवर सोपवलं तर आपण जागा सोडत नाही.

बाई : पण माझी जागा मोकळी झाली आणि मोकळीच राहिली, गुरुजी. तिथेच माझं घोडं अडलंय. शाळा भरली तेव्हा चारही वर्ग एका शिक्षकाकडे. सरपंच घरी आले, मागे पहिलीतल्या दोन पोरांच्या आज्या. म्हणाले, नवा शिक्षक येईपर्यंत रोज येत जा, बाई. मानधन वगैरे काही नाही, नुसतं या. आणि दुसरीकडून पुण्याचा फोन. मुलगा हिंजवडीला, सूनही नोकरी करते. नात सात महिन्यांची झाली, सुनेची रजा संपली. तो म्हणाला, आई, आता तू मोकळीच आहेस.

गुरुजी : आणि तुम्हाला काय हवंय?

बाई : ते मला अजून कुणी विचारलं नव्हतं. सांगते, पण आधी शाळेचं बोलू. तुम्ही २०२३ मध्ये गेला होतात ना?

गुरुजी : गेलो होतो. जुलैमध्ये शासनाचा निर्णय निघाला, रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचे, महिना २०,००० रुपये मानधन, वय ७० पर्यंत चालेल. मी सदुसष्टचा. केंद्रप्रमुखांचा फोन आला आणि मी धावतच गेलो. छत्री घ्यायची राहिली, भिजत पोचलो. पुन्हा फळा, पुन्हा ती नावं. त्या वर्षी माझी सांधेदुखी कुठे गेली ते कळलं नाही. पुढच्या वर्षी पवित्र पोर्टलवरून भरती झाली आणि एक मुलगी रुजू झाली. मराठवाड्यातली, डी.एड. होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहिलेली. शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं तिला महिना १६,०००. मला वीस, आणि वर माझी पेन्शन. वर्ग तोच, फळा तोच. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, गुरुजी, तुम्ही शाळा जिवंत ठेवलीत. मला मान वर करवेना. तिची जागा मी उबवत बसलो होतो.

बाई : तुम्ही नसता गेलात तर ती आधी आली असती?

गुरुजी : ते कुणाला सांगता येईल? पण माझ्यासारखे जागोजागी जाऊन बसले की वरच्यांना घाई राहत नाही, एवढं मला दिसतं. पाळी करणारा आहे, मानधन द्यायचं आहे, शाळा चालू आहे. मग भरतीचं बघू पुढे. बेरोजगार पोरांनी तेव्हा या निर्णयाला विरोध केला होता. त्यांचा राग माझ्यावर व्यक्ती म्हणून नव्हता, पण बसलो मीच होतो.

बाई : आणि त्या वर्षी दुसरीत असलेली पोरं?

गुरुजी : ती वाचायला शिकली.

(इथे दोघंही थोडा वेळ बोलले नाहीत. मला वाटतं, निवृत्तीवर बोलताना आपण सहसा या टोकाला येतच नाही. प्रकृती, पैसा, वेळ कसा घालवायचा, यांवर बोलतो. आपण उठून गेल्यावर त्या जागेचं काय होतं हा प्रश्न घरगुती बोलण्यात येत नाही. बाईंनी तो धरून ठेवला.)

बाई : कायदा मला पाठ आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९. साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत. मंजूर पदांतल्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहता कामा नयेत. आता मी फुकट गेले तर काय होईल? कागदावर जागा रिकामी राहील आणि वर्गात ती भरलेली दिसेल. वर्गातून ओरड झाली नाही की कागद कोण वाचतो! माझ्या चांगुलपणानं ती रिकामी जागा दिसेनाशी होईल.

गुरुजी : हेच मी सांगायला आलो होतो. जाऊ नका.

बाई : थांबा, मला पटलेलं नाही. हे सगळं खरं आहे, पण ते मोठ्यांच्या हिशेबात खरं आहे. पहिलीतलं पोर यंदाच पहिलीत आहे. जागा दिसावी म्हणून मी घरी बसायचं, आणि ती दिसेपर्यंत त्यानं अक्षर न ओळखता दुसरीत जायचं? म्हणजे माझ्या तत्त्वाची किंमत त्यानं मोजायची. त्याला विचारलंय कुणी? मी पस्तीसेक वर्षं हेच पाहत आले. धोरण बदलतं, मूल्यमापन बदलतं, पुस्तकं बदलतात, आणि प्रत्येक बदलाच्या मध्ये एक वर्ग सापडतो. त्या वर्गाला कुणी पुन्हा पहिलीत बसवत नाही.

गुरुजी : मग जा.

बाई : असं दोन्हीकडून ढकलू नका, गुरुजी!

गुरुजी : ढकलत नाही. मला दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्हींत मी राहून आलोय. तुम्ही गेलात तर त्या पोराचं भलं होईल आणि पुढच्या पोराचं नुकसान. पुढचं पोर अजून शाळेत आलेलं नाही, त्याला चेहरा नाही. चेहरा असलेल्याकडे माणूस ओढला जाणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त पुढच्याचा विसर पडायला नको.

बाई : मग पुण्याचं सांगा. हाच न्याय तिकडे लावू?

गुरुजी : तिकडे कसा लागेल? ती तुमची नात आहे.

बाई : का नाही लागणार? २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. सुनेच्या कंपनीत पन्नासाच्या कितीतरी वर माणसं आहेत. मी तिला विचारलं, तुमच्याकडे पाळणाघर आहे का गं? ती म्हणाली, आई, आमच्यात सगळ्यांच्या सासवा नाहीतर आया येतात, कुणी मागतच नाही. ऐकलंत? तिथेही रिकामी जागा आहे आणि आम्ही आज्या ती दिसू देत नाही.

गुरुजी : पण परकी बाई पोरीला बघणार आणि आजी गावात बसणार, हे माझ्या मनाला पटत नाही.

बाई : शाळेच्या बाबतीत तुम्हाला भरती आठवली, कायदा आठवला, ती मराठवाड्यातली मुलगी आठवली. नातीचं नाव निघालं आणि सगळं विसरलात. का? शिकवणं हे काम आहे आणि मूल सांभाळणं हे काम नाही, म्हणून? एकाला मंजूर पद आहे, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक आहे ना?

गुरुजी : नाही. फरक आहे, मला नीट सांगता येत नाही एवढंच. शाळेत तुमच्या जागी दुसऱ्या बाई येऊ शकतात. आजीच्या जागी दुसरी आजी येत नाही.

बाई : हां, हे खरं. पण मग हेच धरून पुढे चला. आजी म्हणून जे माझ्याशिवाय कुणाला देता येणार नाही ते मी द्यायचं. मांडीवर घेणं, आमच्या खोऱ्यातल्या गोष्टी सांगणं, तिला माझा वास ओळखीचा होणं. आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात भरवणं, पुसणं, झोपवणं, हे ज्याला रीतसर पगार मिळतो अशा माणसालाही नीट करता येतं. मला आजी व्हायचंय. पाळणाघर व्हायचं नाही. हे वाक्य मी फोनवर मनात म्हटलं आणि तोंडानं म्हणाले, बघते.

गुरुजी : तोंडानं का नाही म्हणालात?

बाई : कारण मुलगा म्हणाला 'मोकळी आहेस'. त्याचे वडील निवृत्त झाले तेव्हा तो म्हणाला होता, बाबा, आता आराम करा.

(बाईंचे यजमान सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. ते सकाळी वर्तमानपत्र वाचतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी देवळात बसतात, आणि कुणालाही त्यांनी आता काय करावं असा प्रश्न पडत नाही. गुरुजींनाही पडला नव्हता, मलाही नाही. पुरुषाची निवृत्ती पुरी होते. बाईची नोकरी सुटली की घरातली माणसं तिच्या मोकळ्या झालेल्या तासांची वाटणी करायला बसतात. बाईंच्या म्हणण्यात मला सगळ्यांत खरं हे वाटलं.)

गुरुजी : आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना होती. मनुस्मृतीत सांगितलंय, अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं, की गृहस्थानं वनात जावं. म्हणजे नातवंड झालं ही घर सोडायची खूण. आपण ती नेमकी उलटी केली. नातवंड झालं की पुन्हा संसाराला जुंपायचं.

बाई : त्याच्या पुढचा श्लोक वाचलात का?

गुरुजी : कोणता?

बाई : बायकोचं काय करायचं त्याचा. तिला मुलांच्या हवाली करावं किंवा सोबत न्यावं. दोनच वाटा, आणि दोन्ही नवऱ्यानं ठरवायच्या. तिचे केस पिकलेत का, तिला वनात जायचंय का, हे तिथे विचारलेलं नाही. मला वानप्रस्थ आवडतो, गुरुजी. काहीतरी पुरं झालं आणि आता दुसरं काही, असं म्हणण्याची ती रीत आहे. पण ती माझ्यासाठी केलेली नाही. मला ती नव्यानं करून घ्यावी लागेल.

गुरुजी : मग वनाच्या उलट बाजूचा माणूस सांगतो. धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८. फर्ग्युसनमधून १९१४ मध्ये निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. वय किती? अठ्ठावन्न! तुमचंच. बरं, तिथे थांबले नाहीत. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यात प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. १९४४ मध्ये समता संघ. शंभरी गाठली तेव्हा, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं. ज्या वयाला आपण शेवट म्हणतो तिथे त्यांची निम्मी कामं सुरू झालेली नव्हती.

बाई : अण्णा कर्व्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या विद्यापीठानं माझ्यासारख्या किती जणींना वाट करून दिली. पण त्यांचं नाव निरोपाच्या भाषणात घेतलं जातं तेव्हा मला धाप लागते. आधीच दमलेल्या माणसाला सांगायचं, बघ, ते शंभर वर्षं थांबले नाहीत! आणि अण्णांच्या घरी त्यांच्या पत्नी बाया कर्वे होत्या. बाळंतपणं त्यांनी काढली, घर त्यांनी चालवलं, आश्रमासाठी वर्गणीही मागितली. बायांनी स्वतःचं आयुष्य लिहून ठेवलंय, 'माझे पुराण'. ते वाचल्यापासून मला अण्णांचं अठ्ठावन्नावं वर्ष एकट्या अण्णांचं वाटत नाही.

गुरुजी : बरं. अण्णा नकोत, मनू नको, शाळा धड नको, पुणं धड नको. आता सांगा, तुम्हाला काय हवंय?

बाई : मला मोडी शिकायचीय.

गुरुजी : मोडी?

बाई : आमच्या माहेरी माळ्यावर पेटीत आजोबांचे कागद आहेत. लहानपणी मी ते उलटेसुलटे धरून बघायचे. शिरोरेषा आडवी ओढलेली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली अक्षरं एकात एक गुंतत गेलेली. हात न उचलता लिहिलेली. दोन शब्दांच्या मध्ये जागा नाही. शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मी आयुष्यभर लोकांच्या पोरांना वाचायला शिकवलं आणि माझ्या आजोबांचं एक अक्षर मला वाचता येत नाही.

गुरुजी : शिका की. उपयोगही आहे. आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला निघाल्यापासून मोडी वाचणारा माणूस मिळेना झालाय. कचेऱ्यांत बस्तेच्या बस्ते पडलेत. लोक कागद घेऊन तुमच्या दारात येतील.

बाई : बघा! लगेच उपयोग काढलात. मला तोच नकोय, गुरुजी. निदान आधी नकोय. मला न येणारी गोष्ट करून बघायचीय. तुम्हाला आठवतं, वाचता येत नव्हतं तेव्हा अक्षरं कशी दिसायची? मला नाही आठवत. आपल्याला कुणालाच आठवत नाही, आणि आपण त्या पोरांसमोर उभे राहतो ज्यांना ती अजून तशीच दिसत असतात. एखादं पोर तीन महिने 'भ' आणि 'म' यांत अडकायचं, आणि मी म्हणायचे, अरे, किती सोपं आहे! मला एकदा त्याच्या जागी बसायचंय. कुणीतरी मला म्हणावं, बाई, किती सोपं आहे, आणि मला ते दिसू नये.

गुरुजी : आणि ते शिकून झालं की पुन्हा पहिलीला शिकवायला जाणार. चांगल्या शिकवाल.

बाई : नाही! म्हणजे, कदाचित. पण त्यासाठी म्हणून नाही. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते? इतकी वर्षं मी जे केलं त्याला कुणाची तरी गरज होती. गरज हे माझं कारण होतं. सकाळी उठायचं कारण, चिडायचं कारण, रजा न घेण्याचं कारण. आता पहिल्यांदाच अशी वेळ आलीय की मला काहीतरी हवंय आणि त्याचं कारण दाखवावं लागत नाही. आणि मला तेच भीतिदायक वाटतंय. शाळेनं हाक मारली तेव्हा अर्धा जीव आनंदानं उठला, कारण आता मला ठरवावं लागणार नव्हतं.

गुरुजी : मी धावत गेलो होतो त्याचं कारण हे असेल.

बाई : असेल.

गुरुजी : छत्रीसुद्धा घेतली नाही. आता कळतंय. मला पोरांची दया आली म्हणून मी गेलो असं मी सगळ्यांना सांगितलं. दया होती. पण मला घरी बसून स्वतःला काय हवंय ते शोधायचं नव्हतं. नऊ वर्षं शोधून झालेलं नव्हतं, आणि केंद्रप्रमुखांनी फोन करून सोडवलं.

बाई : म्हणून मी जायचं नाही असं म्हणत नाही. जायचं, पण सुटका म्हणून नाही. मोडीचे वर्ग पुण्यात चालतात. भारत इतिहास संशोधक मंडळ तिथे १९१० पासून आहे, राजवाड्यांनी सुरू केलेलं, पेशवे दफ्तरही पुण्यातच. म्हणजे पुण्याला जायचंच आहे, पण मोडीसाठी. नातीकडे राहीन, सकाळ-संध्याकाळ तिची. मधला दिवस माझा. पाळणाघराचं सुनेनं कंपनीत मागायचं, अर्ज मी लिहून देते, अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ते होईपर्यंत बाई ठेवायची आणि तिला रीतसर पगार द्यायचा. माझ्या पेन्शनमधून थोडे मी देईन.

गुरुजी : आणि शाळा?

बाई : शाळेत जाते. पण फुकट आणि मुकाट्यानं नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावायची आणि ठराव करायचा. एक शिक्षकी पद रिक्त आहे, कायद्याप्रमाणे दोन शिक्षक हवेत, निवृत्त बाई तात्पुरत्या येत आहेत, अमुक तारखेपर्यंत. त्यानंतर येणार नाहीत. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेला. पोरांना या महिन्यांत अक्षरं मिळतील आणि जागाही कागदावर ठळक राहील.

गुरुजी : तारीख कोणती घालणार? दिवाळी?

बाई : दिवाळीला सुट्टी असते, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पंधरा ऑगस्ट घालायची. झेंड्याला सगळं गाव शाळेत असतं. सरपंच, समिती, पोरांच्या आज्या, चाकरमानीही आलेले असतात. शिक्षक आला असेल तर त्याच्या हातात हजेरीपट देईन. नसेल आला तर सगळ्यांपुढे उभं राहून सांगेन, उद्यापासून चार वर्गांना एकच शिक्षक आहे, आता तुम्ही बोला. आणि पुण्याच्या गाडीत बसेन.

गुरुजी : बसवेल?

बाई : माहीत नाही. पहिलीतलं एखादं पोर त्या दिवसापर्यंत जोडाक्षरांना आलेलं असेल आणि मी मध्येच सोडून जाईन. रात्री झोप लागणार नाही. पण तारीख बाहेरून यावी असं तुम्हीच म्हणालात ना? सरकारची तारीख होऊन गेली. आता ही गावाच्या वहीत लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मनाला ती पुसता यायची नाही. ठराव तुम्ही लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे.

गुरुजी : देतो. पण त्यात एक ओळ वाढवा. पंधरा ऑगस्टनंतर बाई गेल्या की गावानं गुरुजींनाही बोलावू नये.

बाई : तुम्हाला कोण बोलावणार? सत्तरीला टेकलात ना तुम्ही?

गुरुजी : सत्तरीची अट शासनाची. सरपंचाला अट नाही, आणि मला तर मुळीच नाही. माझं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. घाला ओळ.